नथ, शिंक आणि परतीचं विमान
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नाकाच्या प्लास्टिक सर्जरीबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांत या वेळी ऑपरेशन बहुतेकांचं परदेशी ठरलेलं आहे. इस्तंबूल, बँकॉक, सोल. पैसे किती, नाक कसं दिसेल, हे सगळ्यांनी विचारलं आहे. परतल्यावर ते नाक कोण बघणार, हे मात्र एकाच पत्रात आहे. म्हणून तेच पहिलं घेतो.

बहिणीचं ऑपरेशन इस्तंबूलला ठरतंय. पॅकेजमध्ये पाच रात्री हॉटेल, ऑपरेशन आणि विमानतळावरून ने-आण आहे. इथे आल्यावर काही झालं तर कोणाकडे जायचं? (सावंतवाडी)

पाच रात्री पुरणार नाहीत. बोटांवर मोजून बघा. पहिला दिवस पोचण्याचा. दुसऱ्या दिवशी तपासण्या आणि सर्जनची प्रत्यक्ष भेट. फोटो पाठवून झालेलं बोलणं म्हणजे भेट नव्हे. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. नाकावरची स्प्लिंट, म्हणजे नवा आकार धरून ठेवणारं कडक कवच, त्यानंतर साधारण सातव्या दिवशी निघते. उघड्या पद्धतीत, म्हणजे बाहेरून चीर देऊन केलेल्या ऑपरेशनात, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर टाके असतात, ते पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. स्प्लिंट निघाल्यावर एक-दोन दिवस सर्जनच्या नजरेखाली राहावं. झाल्या की अकरा-बारा रात्री. पाच रात्रींत परतणारी व्यक्ती स्प्लिंट आणि टाक्यांसकट विमानात बसते आणि ते काढायला अशा डॉक्टरांकडे जाते, ज्यांनी आत काय केलंय ते पाहिलेलं नाही.

म्हणून तिकीट काढण्याआधी कुडाळ, पणजी किंवा कोल्हापूरच्या एखाद्या ईएनटी वा प्लास्टिक सर्जनना भेटा आणि सरळ विचारा, ‘परत आल्यावर तुम्ही बघाल का?’ दुसऱ्याच्या ऑपरेशनला हात लावायला डॉक्टर कचरतात आणि त्यात त्यांची चूक नाही. हातात कागद असले की त्यांचं काम सोपं होतं. येताना इंग्रजीतली ऑपरेशन नोट आणा. पद्धत उघडी की बंद, कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, कुठून घेतली (नाकाचा मधला पडदा, कान की बरगडी), सिलिकॉनसारखं काही बसवलं का, हाडं कापली का, हे त्यात हवं. नाकात आत स्प्लिंट किंवा पॅकिंग (रक्त थांबवायला भरलेले बोळे) किती ठेवलं आणि किती काढलं, हा आकडाही लिहून घ्या. आत राहून गेलेलं पॅकिंग पुढे दुर्गंधी आणि जंतुसंसर्ग देतं.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव करारात हवं, नुसतं एजंटचं नाही. परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांना आणि एजन्सींना तुर्कस्तानचं आरोग्य मंत्रालय वेगळं अधिकृत प्रमाणपत्र देतं; ते मागून बघा. ‘दुरुस्ती मोफत’ या शब्दांवर भाळू नका. बहुधा सर्जनची फी तेवढी माफ असते. भूल, रुग्णालय, विमान आणि पुन्हा बारा रात्री तुमच्याच खिशातून जातात. आपल्याकडचा आरोग्यविमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सहसा पैसे देत नाही, प्रवासविमाही तिच्या गुंतागुंती बहुधा वगळतो.

जाता जाता: ही वाट एकेकाळी उलटी होती. पुण्याकडे कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवल्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आला आणि युरोपातल्या सर्जननी त्यावरून धडे घेतले. मुंबई-पुण्यात आजही हे काम उत्तम होतं. परदेशाचा हिशेब मांडताना हा रकाना कोरा ठेवू नका.

माझं लग्न वैशाखात आहे. जानेवारीत बँकॉकला नाक करून घ्यायचा विचार आहे. लग्नात नथ घालता येईल ना? (गुहागर)

ताई, चार महिने कमी आहेत. तोपर्यंत डोळ्यांखालचं काळंनिळं कधीच गेलेलं असेल आणि बरीचशी सूजही उतरलेली असेल. पण शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी जाते. नाकाचा खरा आकार दिसायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त. शिवाय शेंड्याची कातडी काही आठवडे ते काही महिने बधिर असते, आणि नथीची अडचण नेमकी तिथे आहे. चापाची नथ दाबून बसते. एरवी दुखलं की आपण ती सैल करतो. बधिर नाकाला दुखत नाही, म्हणून चाप दिवसभर रुततो आणि संध्याकाळी काढल्यावर खाली जखम दिसते. टोचलेल्या नाकात मोत्यांची जड नथ नाकपुडीची कड खाली ओढते, आणि शेंड्याची कूर्चा टाक्यांनी नव्या जागी बसवलेली असते, ती अजून पक्की झालेली नसते.

आमचा सल्ला: ऑपरेशन लग्नानंतर करा. आधीच हवं असेल तर आदल्या पावसाळ्यात उरका, म्हणजे लग्नापर्यंत दहा-अकरा महिने मिळतात. चापाची नथ सहा महिने नको. नवं टोचणंही सहा महिन्यांच्या आत नको, आणि तेही सर्जनना विचारूनच.

आज नाकात चमकी असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती काढा. रक्त थांबवायला विजेच्या उपकरणाने शिरा जाळतात, तेव्हा धातूजवळ भाजू शकतं. सुटलेली चमकी घशात जाण्याचाही धोका असतो. भोक बुजेल म्हणून नंतर स्वतःच काडी घालत बसू नका.

वय ४१. दिवसातून दोनदा तपकीर ओढतो, कधी मशेरी. ऑपरेशनच्या किती दिवस आधी बंद करू? (देवगड)

चार आठवडे आधी, आणि नंतरही किमान चार आठवडे. तपकीर, मशेरी, विडी, गुटखा, सगळंच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शेंड्याची कातडी त्यांच्याच रक्तावर जगते. रक्त कमी पडलं तर ती काळी पडून झडू शकते. तपकिरीचा आणखी एक गुण: ती शिंका आणते. टाके घातलेल्या नाकाला तेवढंच बाकी होतं.

अॅस्पिरिन सात ते दहा दिवस आधी थांबवतात, पण हृदयासाठी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही टाळा; डोकं दुखलं तर पॅरासिटॅमॉल घ्या. व्हिटॅमिन ई, माशाचं तेल, लसूण आणि हळद यांच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद करा, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताटातल्या बांगड्याला आणि फोडणीच्या लसणीला ही बंदी नाही. नाक मोकळं करायचे थेंब महिनोन्‌महिने घालत असाल तर तेही सर्जनना सांगा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, साखर आणि ईसीजी दोन-तीन आठवडे आधी इथेच करून घ्या. साखर वाढलेली निघाली तर इथे असताना कळलेलं बरं, तिकडे टेबलावर नको.

परतताना दुबईत भावाकडे दोन दिवस थांबून मुंबई, तिथून गाडीने दापोली. काय काळजी घ्यावी? (दापोली)

ऑपरेशननंतर सात ते दहा दिवस विमान नको. भुलेनंतर लांब बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. दर तासाला उठून चाला, पाणी पीत राहा. विमानातली हवा फार कोरडी असते, खपल्या तडकतात आणि घोळणा फुटतो. सलाइनचा फवारा हातातल्या पिशवीत ठेवा आणि दर दोन तासांनी मारा. विमान उतरताना कानाला दडे बसतील, तेव्हा नाक दाबून फुंकायचं नाही. घोट घोट पाणी गिळा. वरच्या कप्प्यात बॅग दुसऱ्याने ठेवावी; दोन-तीन आठवडे पाच किलोहून जास्त काही उचलू नका.

ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही वेदनाशामकं अमिरातीत नियंत्रित आहेत. तुम्ही तिथे विमानतळाबाहेर पडणार, म्हणजे आधी परवानगी लागेल. सर्जनना पॅरासिटॅमॉलवर भागवायला सांगा आणि चिठ्ठी जवळ ठेवा. चेहरा सुजलेला आणि पासपोर्टवरचा फोटो जुना, म्हणून सही-शिक्क्याचं इंग्रजी डिस्चार्ज पत्रही हाताशी असू द्या.

मुंबईत एक रात्र काढा. उतरल्या उतरल्या महामार्गाचे खड्डे आणि वळणं अंगावर घेऊ नका. गाडीत मागे, पट्टा लावून, डोकं टेकवून बसा. सहा आठवडे पूर्ण तोंडाचं हेल्मेट नको, म्हणजेच स्कूटरही नको.

घरी आल्यावर वाफ, नाकात तेल, मिठाचं पाणी यातलं काय चालेल? आणि चष्मा? (मालवण)

वाफ नको, उष्णतेने सूज आणि रक्तस्राव वाढतो. अणुतेल किंवा साजूक तूपही सर्जननी सांगेपर्यंत नको. मिठाचं पाणी चालतं, विहिरीचं कच्चं पाणी नाही. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या, त्यात पाऊण छोटा चमचा, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, आयोडीन नसलेलं मीठ घाला. रोज ताजं करा. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातला तयार फवारा सोपा. खपली कोरू नका.

दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडून शिंका. झोपताना पाठीवर, डोक्याखाली दोन-तीन उशा. बर्फ पहिले दोन दिवस, तोही गालांवर आणि डोळ्यांभोवती, दहा-पंधरा मिनिटं, नाकावर नाही. जेवणात उकड्या तांदळाची मऊ पेज, डाळ, कोमट सार. तिखट रस्सा नाक वाहायला लावतो आणि ते पुसण्यापलीकडे काही करता येत नाही. सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं महिनाभर कमी करा; मिठाने अंगात पाणी धरतं आणि सकाळी नाक जास्त सुजतं. चुलीचा धूर, गणपतीतला धूप, शिमग्याची गर्दी यांपासून लांब. पालखीत एक कोपर लागलं तरी कापून बसवलेलं हाड हलतं.

चष्मा चार ते सहा आठवडे नाकाच्या दांड्यावर टेकवू नका, चिकटपट्टीने कपाळाला अडकवा. समुद्रात डुंबणं सहा आठवड्यांनी. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन वर्षभर, नाहीतर व्रण काळा पडतो.

रक्त आलं तर घाबरायचं कधी? (रत्नागिरी)

पहिले दोन-तीन दिवस गुलाबी पाझर असतो, नाकाखालचं गॉज दिवसातून काही वेळा बदलावं लागतं. पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली सुटताना पुन्हा थोडं येऊ शकतं. ताठ बसा, किंचित पुढे वाका, घशात उतरलेलं रक्त थुंका. घोळणा फुटल्यावर एरवी नाक चिमटीत धरतो, तसं इथे करू नका. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा घशात धार लागली, तर रुग्णालय गाठा.

रक्त दिसत नसतानाही घाईचं असं एक दुखणं आहे. दोन्ही नाकपुड्या अचानक गच्च होतात, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, आत पडद्यावर मऊ फुगा येतो. हे पडद्यात साठलेलं रक्त. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते आणि दांडा खोगिरासारखा खचतो. सूज असेल म्हणून सोमवारपर्यंत थांबायचं नाही. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पू किंवा अंगावर पुरळ. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब आणि डोकेदुखी. एकाच पिंढरीला सूज किंवा धाप, या सगळ्यांना हाच नियम.

तीन महिने झाले, शेंडा जाड आणि किंचित वाकडा वाटतो. पुन्हा ऑपरेशन करावं का? (वेंगुर्ले)

आत्ता नाही. दोन बाजूंची सूज एकसारखी उतरत नाही. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असे चार फोटो काढून सर्जनना पाठवा. मसाज किंवा सूज उतरवायचं इंजेक्शन त्यांनी सांगितलं तरच. दुरुस्तीचा विचार वर्षभराने, कारण मधे उघडलं तर व्रणावर व्रण चढतो. श्वास मात्र एका बाजूने कोंडत असेल तर तेवढी वाट बघू नका. जवळच्या ईएनटींकडून पडदा दुर्बिणीने तपासून घ्या आणि ऑपरेशन नोट सोबत न्या.