आधी 'आणि', 'की' आणि 'दिन' एवढंच धर

अरे, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या म्हणून लिहायचं बंद नको करूस, मी पण कितीतरी वर्षं बिनधास्त 'आणी' लिहायचो. सगळे नियम एकदम घेऊ नको, गोंधळ होईल.

- मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी बहुतेक दीर्घ, म्हणून 'की', 'कवी', 'पाणी'. ऱ्हस्व 'कि' हिंदीतलं, मराठीत नको. 'आणि' अन् 'नि' मात्र ऱ्हस्व, ते पाठच कर.
- दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. आपल्या नाशकात, कुसुमाग्रजांच्या गावात, त्यांच्याच जयंतीला २७ फेब्रुवारीला हाताएवढ्या अक्षरांत 'मराठी भाषा गौरव दीन' असा फ्लेक्स पाहिलाय मी, खाली डझनभर हसरे फोटो आणि एकानेही वाचलेलं नाही! गौरव करायला गेले अन् भाषेला पार भिकेला लावलं.
- 'माझी मदत कर' नको रे, 'मला मदत कर'. हे हिंदीतून येतं आणि वेलांटीपेक्षा जास्त खटकतं, निदान मला तरी.
- फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला. प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ ऱ्हस्व होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, ते नंतर बघू.

आणि कीबोर्ड सुचवेल तो शब्द डोळे मिटून घेऊ नको, पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाच, 'पानी' आणि 'पाणी' कानालाच कळतं. पुढचं लिहिलंस की दाखव.