‘यंग शेल्डन’ पाहावी का? आमच्या घरचा एक शेल्डन आठवून दिलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय की ‘बिग बँग थिअरी’ ही अमेरिकन विनोदी मालिका तुम्हाला फारशी झेपली नाही, मग त्यातल्या शेल्डनच्या लहानपणावरची ‘यंग शेल्डन’ पाहावी का, आणि एका अतिहुशार पोराचा आगाऊपणा सात सीझन बघण्यात काय गंमत आहे.

पाहा. मूळ मालिका अर्ध्यावर सोडलीत तरी काही बिघडत नाही. ती स्टुडिओत प्रेक्षक बसवून केलेली, दर दोन वाक्यांनी हशा. इथे तो हशाच नाही. विनोद झाला की घरात क्षणभर शांतता असते, कुणीतरी ताटातलं चिवडत असतं. मला तर पहिल्या दोन-तीन भागांत चुकल्यासारखं झालं, हसायचं कुठे ते कळेना. मग सवय झाली.

गोष्ट सुरू होते १९८९ साली, पूर्व टेक्सासमधल्या मेडफर्ड या काल्पनिक गावात. नऊ वर्षांचा शेल्डन एकदम हायस्कुलात, मोठ्या भावाच्याच वर्गात जाऊन बसतो. भावाचं काय होत असेल विचार करा. आई कट्टर चर्चवाली, वडील त्याच शाळेत अमेरिकन फुटबॉलचे कोच, जुळी बहीण मिसी, आणि पलीकडे राहणारी बिनधास्त आजी. पहिल्याच भागात जेवणाआधीच्या प्रार्थनेला सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे असतात, तर हा जंतू नकोत म्हणून हातमोजे चढवतो. कुणी काही बोलत नाही, म्हणजे हे रोजचंच असणार. त्या घराबद्दल मला तिथेच निम्मं कळलं.

कारण मालिकेचं नाव शेल्डनचं असलं तरी ती शेल्डनची नाहीच, असं माझं मत. एका हुशार पोरासाठी बाकीचं घर किती सरकून बसतं, त्याची आहे. शेल्डन स्वतः फार बदलत नाही. अकराव्या वर्षी कॉलेजात जातो, चौदाव्या वर्षी कॅलटेकला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या नामवंत विज्ञानसंस्थेत, पोचतो, पण वागणं साधारण तेच. बदलतात ते बाकीचे.

हे मला इतकं जवळचं का वाटलं ते सांगते. माझा दादा चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये चमकला आणि तेव्हापासून तो आमच्या घरचा शेल्डन. दहावीला ‘बोर्डात येणार’ हे घरानं ठरवूनच टाकलेलं. जूनमध्ये आईनं टीव्हीवर भरतकामाचं कापड टाकलं ते मार्चपर्यंत निघालं नाही. मी सातवीत. माझीही स्कॉलरशिपची परीक्षा त्याच वर्षी होती, पण ती कधी झाली हे बाबांना आजही सांगता येणार नाही. कुणी माझा दुस्वास केला नाही हो, लक्षच नव्हतं. मिसीचं अगदी हेच आहे. ती पोरगी माणसं वाचण्यात भावाच्या दहा पावलं पुढे असते, पण त्या विषयाचा पेपर नसतो. पुढे एकदा ती बापाचा ट्रक घेऊन घरातून पळते, तेव्हा मी सोफ्यावर चक्क टाळी वाजवली. (आमच्याकडे ट्रक नव्हता, नाहीतर...)

पेज नावाची आणखी एक मुलगी अधूनमधून येते. तीही शेल्डनइतकीच हुशार, पण तिच्या आईबापांचा घटस्फोट होतो आणि पोर हाताबाहेर जाते. तिला जास्त भाग द्यायला हवे होते. शेल्डन टिकतो तो हुशारीवर नाही, मागे उभ्या असलेल्या माणसांवर, हे तिला पाहिल्यावर लख्ख दिसतं.

आणि बाप, जॉर्ज. मूळ मालिकेत मोठा शेल्डन त्याच्याबद्दल जे सांगतो त्यावरून तो दारुडा आणि बायकोला फसवणारा माणूस. इथे दिसतो तो दमलेला, बिअरचा कॅन घेऊन खुर्चीत बसणारा, मुलाचं बोलणं निम्मंही न कळणारा आणि तरी त्याला अंतराळयानाचं उड्डाण दाखवायला फ्लोरिडाला घेऊन जाणारा. लोक याला लेखकांची गफलत म्हणतात. मला तसं वाटत नाही. गोष्ट मोठा शेल्डन सांगतोय, आवाजही मूळ मालिकेत शेल्डन झालेल्या जिम पार्सन्सचाच आहे. तरुणपणी बापाबद्दल आपण जे बोलतो ते चाळिशीत तसंच बोलतो का? जॉर्जचं काम करणारा लान्स बार्बर मूळ मालिकेत शेल्डनच्या मित्राला, लिओनार्डला, शाळेत छळणाऱ्या दांडग्याच्या भूमिकेत होता. आई झालेली झोई पेरी ही मूळ मालिकेतल्या आईची, म्हणजे लॉरी मेटकाफची, खरी मुलगी. बोलण्याची ढब इतकी कशी जुळते, याचं उत्तर तिथे आहे.

मूळ मालिका पाहिलेल्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असते: शेल्डन चौदा वर्षांचा असताना बाप जाणार. (पुढचं कळून घ्यायचं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) मला ठाऊक होतं, तरी तयारी नव्हती. सातव्या सीझनमध्ये सकाळी जॉर्ज नेहमीसारखा ‘येतो’ म्हणून कामावर जातो, कुणी धड वरही बघत नाही. त्या दिवशी घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचा असतो. नटूनथटून, आपसात कुरकुरत सगळे त्याची वाट बघत असतात आणि दारात शाळेतली दोन माणसं उभी राहतात. पुढच्या भागात शेल्डन ती सकाळ मनात पुन्हा पुन्हा लावतो. या वेळी मी वर बघतो, या वेळी काहीतरी बोलतो. तेवढ्यासाठी सात सीझन बघावेत.

आता खोट. पाचव्या सीझनपासून मोठ्या भावाचं, जॉर्जीचं, प्रकरण सुरू होतं. तो सतरा वर्षांचा, मँडी एकोणतीस, दोघं एकमेकांना वय खोटं सांगतात. पुढे दोघं आपल्याला आवडायला लागतात हे खरं, पण वयं उलटी असती, मुलगी सतराची असती, तर हे इतक्या हसतखेळत दाखवलं असतं का? मला ते खटकलं ते खटकलंच. त्यांचीही आता वेगळी मालिका निघाली आहे, २०२४ पासून, आणि तिच्यात पुन्हा स्टुडिओतला हशा. मी दोन भागांनंतर सोडली.

एकूण भाग १४१, पण एकेक जेमतेम वीस मिनिटांचा. रोज जेवताना एक, या हिशेबानं माझे चार-पाच महिने गेले.

संपल्यावर दादाला बघायला लावली. तो आता बंगळूरला असतो. (बोर्डात आला नव्हता, ते जाऊ दे.) महिनाभरानं रात्री अकराला त्याचा फोन आला. मला वाटलं बापाच्या भागापर्यंत पोचला असेल. तर म्हणाला, “ते टीव्हीवरचं कापड टाकायला मी सांगितलं नव्हतं गं. मलाही मॅच बघायची असायची.”