नुसता ‘वेट’ अपयश सांगत नाही

प्रश्न : रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये मी प्रत्येक फोल्डरसाठी टारचं (फाइली एकत्र बांधणारी कमांड) आउटपुट पाइपने जीझिपला (दाबून लहान करणारी कमांड) देतो आणि ओळीच्या शेवटी & लावून जॉब बॅकग्राउंडला सोडतो. सगळ्यात शेवटी ‘वेट’, म्हणजे जॉब संपेपर्यंत थांबा. वर ‘सेट -ई’ही आहे, म्हणजे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट थांबायला हवी. तरी एक फाइल अर्धवट निघाली आणि लॉगमध्ये मात्र ‘बॅकअप पूर्ण’. हा बॅशमधला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमधला) बग समजायचा का?

उत्तर : तसं वाटणं साहजिक आहे, पण बॅश इथे पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाच्या) नियमाला धरूनच वागतं. वेटला पीआयडी (जॉबचा प्रोसेस क्रमांक) दिला नाही, तर तो सगळे जॉब संपेपर्यंत थांबतो आणि शून्य, म्हणजे ‘यशस्वी’ असं स्टेटस, परत करतो, मग आत कोणी का पडेना. ‘सेट -ई’चाही उपयोग नाही, कारण & लावलेल्या ओळीचं स्टेटस जॉब सुटताक्षणीच शून्य धरलं जातं. बॅकअपसारख्या कामात हा नियम घातकच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय असा. जॉब सोडल्या सोडल्या, पुढचा सुटायच्या आत, $! मधला (शेवटी बॅकग्राउंडला सोडलेल्या जॉबचा) पीआयडी अ‍ॅरेमध्ये ठेवा. शेवटी लूप लावून एकेका पीआयडीसाठी वेगळा वेट द्या. एखादा जॉब आधीच संपला असला तरी बॅश त्याचं स्टेटस लक्षात ठेवतं, त्यामुळे क्रमाची काळजी नको. ‘सेट -ई’ चालू असल्याने पहिल्याच नापास वेटवर स्क्रिप्ट थांबेल. म्हणून वेटपुढे || (आधीची कमांड फसली तरच पुढचं चालवणारं चिन्ह) देऊन चूक एका व्हेरिएबलमध्ये नोंदवा आणि लूप संपल्यावर तो तपासा. (2014 च्या बॅश 4.3 पासून ‘वेट -एन’ आहे. तो आधी संपणाऱ्या जॉबचं स्टेटस देतो, पण तो जॉब कोणता हे कळण्याची सोय थेट 5.1 मध्ये आली. तुमच्या कामाला अ‍ॅरेच बरा.)

एवढ्याने मात्र भागणार नाही. पाइप असला की $! मध्ये शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा पीआयडी येतो. टार मध्येच पडला तर जीझिपला एवढंच दिसतं की इनपुट संपलं. हाती आलं तेवढं तो नीट दाबून ठेवतो आणि शून्य देऊन बाहेर पडतो. तुमची अर्धवट फाइल बहुधा अशीच निघाली असणार. म्हणून ती पूर्ण ओळ कंसात घाला, कंसात आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर अख्खी ओळ नापास) द्या आणि & कंसाबाहेर ठेवा. आता $! म्हणजे त्या सबशेलचा (कंसासाठी सुरू झालेल्या वेगळ्या शेलचा) पीआयडी, आणि टारचं अपयश वेटपर्यंत पोचतं.

मग मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या फोल्डरचं नाव देऊन स्क्रिप्ट चालवून पाहा. ग्नू टार अशा वेळी 2 देतो. वाचता वाचता फाइल बदलली तर तो 1 देतो, आणि चालू सर्व्हरवर हे वरचेवर होतं. तो 1 अपयशात धरायचा की नुसता लॉगमध्ये टिपायचा, हे त्या फोल्डरात काय आहे ते पाहून ठरवा. डेटाबेसच्या फाइली असतील तर अपयशच धरा.