ला फॉलेट त्या पाच सिनेटरांत कसे?

विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९१७ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महायुद्धातील प्रवेशाला विरोध केला, त्यापायी देशद्रोही म्हणवून घेतले आणि १९२४ मध्ये ते अध्यक्षपदाची निवडणूकही हरले. मग तेव्हा सिनेटर असलेल्या जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५७ मध्ये त्यांना सिनेटच्या इतिहासातील पाच थोर सदस्यांत का गणले, असा आपला प्रश्न आहे. युद्धविरोध हा त्यांच्या कारकिर्दीतील अपवाद मानला तर याचा उलगडा होत नाही. लोकप्रतिनिधीने कोणाच्या बाजूने मत दिले हे मतदाराला नेमके कळले पाहिजे, या एकाच आग्रहाभोवती त्यांचे सारे राजकारण फिरत होते आणि युद्धाच्या वेळीही त्यांनी तोच आग्रह धरला, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १८५५ मध्ये विस्कॉन्सिनमधील प्रिमरोझ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. वकिली, जिल्ह्याचे सरकारी वकील आणि १८८५ ते १८९१ अशी प्रतिनिधिगृहातील (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) सहा वर्षे, येथवरची वाटचाल रिपब्लिकन पक्षातील कोणत्याही होतकरू तरुणासारखीच होती. त्यानंतर एका खटल्यात न्यायाधीशांवर वजन टाकण्यासाठी पक्षाच्या बड्या पुढाऱ्याने आपल्याला पैसे देऊ केले, असा जाहीर आरोप त्यांनी केला (पुढाऱ्याने तो नाकारला) आणि पक्षाची दारे त्यांच्यासाठी बंद झाली. १८९६ आणि १८९८ मध्ये त्यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळाली नाही, कारण उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरत आणि अधिवेशन रेल्वे व लाकूड कंपन्यांशी लागेबांधे असलेल्या पुढाऱ्यांच्या मुठीत असे. १९०० मध्ये ते निवडून आले (तेथील गव्हर्नर आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे नेमला जात नाही, त्याला मते मागावी लागतात), आणि पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मतदान करून ठरवावा, हा कायदा त्यांनी १९०४ च्या सार्वमतात मंजूर करून घेतला. रेल्वेवरील करआकारणी आणि दरांवर देखरेख ठेवणारा आयोग ही कामेही त्यांच्याच कारकिर्दीतील.

१९०६ मध्ये ते सिनेटमध्ये गेले. त्या काळी नव्या सदस्याने गप्प बसावे असा शिरस्ता होता. ला फॉलेट मात्र पहिल्याच वर्षी रेल्वेदरांच्या विधेयकावर सविस्तर बोलायला उभे राहिले, तेव्हा ज्येष्ठ सदस्य एकेक करून उठून बाहेर जाऊ लागले. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून ते म्हणाले की, आज तात्पुरत्या मोकळ्या झालेल्या या जागा पुढे कायमच्याही मोकळ्या होऊ शकतील. ती पोकळ धमकी नव्हती. त्यानंतर गावोगावच्या व्याख्यानांत ते स्थानिक सिनेटरने कोणत्या दुरुस्तीवर कोणते मत दिले, ते अधिकृत नोंदीतून नावानिशी वाचून दाखवू लागले. त्यावर कोणताही अलंकार चढवण्याची गरज नव्हती. नुसती यादी ऐकून लोक अस्वस्थ होत. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे. जहाजावरील नोकरी सोडून जाणाऱ्या खलाशाला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद करणारा १९१५ चा कायदाही त्यांच्याच चिकाटीचे फळ होते.

दोष नव्हते असे नाही. ते हेकट होते, सहकाऱ्यांविषयी पटकन साशंक होत. फेब्रुवारी १९१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे नियतकालिकांच्या प्रकाशकांसमोर, थकलेल्या आणि मुलीच्या आजारपणाने चिंतातुर अवस्थेत, त्यांनी दोन तासांहून अधिक वेळ तेच तेच मुद्दे उगाळत भाषण केले. त्या रात्री त्यांची अध्यक्षपदाची आशा मावळली आणि सुधारणावाद्यांचे नेतृत्व थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गेले.

एप्रिल १९१७ मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ६ मतांनी युद्धघोषणेचा ठराव मंजूर केला. त्या सहांत ते होते. युद्धाचा भार वाहणाऱ्या सामान्य माणसाला कोणी विचारलेच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. सप्टेंबरमध्ये सेंट पॉल येथील भाषणात जर्मनीविरुद्ध आपल्या तक्रारी आहेत असे ते म्हणाले असता, वृत्तसंस्थेने नेमके उलटे, म्हणजे तक्रारी नाहीत असे, छापून पाठवले. त्यांना सिनेटमधून काढून टाकावे अशा मागण्या झाल्या, विस्कॉन्सिन विद्यापीठातील बहुसंख्य प्राध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या, आणि वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती कित्येक महिन्यांनी. जानेवारी १९१९ मध्ये सिनेटने ५० विरुद्ध २१ मतांनी आरोप फेटाळले, आणि १९२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या मतदारांनी त्यांना प्रचंड मताधिक्याने पुन्हा निवडून दिले.

त्याच वर्षी वायोमिंग राज्यातील टीपॉट डोम येथील सरकारी तेलसाठ्याच्या भाडेपट्ट्यांची चौकशी व्हावी, हा ठराव त्यांनी मांडला. त्या चौकशीतून पुढे सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री अल्बर्ट फॉल यांची लाचखोरी उघड झाली. १९२४ च्या पराभवाविषयी एवढेच सांगतो की, दोन्ही प्रस्थापित पक्षांबाहेर उभे राहूनही त्यांना सुमारे ४८ लाख, म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, मात्र राज्य एकच जिंकता आले, विस्कॉन्सिन. जून १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. केनेडी समितीच्या यादीतील क्ले, वेब्स्टर आणि कॅल्हून हे तिघे एकोणिसाव्या शतकातील होते. विसाव्या शतकातून तिने दोघांनाच निवडले, रॉबर्ट टाफ्ट आणि ला फॉलेट.