जड टाइल बसवण्याआधी खालची जमीन

टाइलचा रंग नंतर ठरव, आधी कोबा तपास. लाकडी दांड्याने हलके ठोकत सगळी खोली फिर. जिथे पोकळ आवाज येईल तिथला कोबा फोडून नव्यानेच भरायचा. वरून सिमेंट लिंपून भागत नाही. मग ३ मीटरची सरळ पट्टी सगळ्या दिशांनी ठेवून बघ. खाली ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसली, तर मोठ्या टाइलसाठी ती जमीन सपाट नाही. उंचवटे घासून काढ, खड्डे आधी भरून घे. ॲडेसिव्हच्या जाड थराने उंचसखलपणा झाकायचा मोह कृपा करून टाळ, कारण तो थर वाळताना आकसतो आणि टाइल खाली ओढतो. तेल, रंग, धूळ खरवडून काढायचीच. आणि काँक्रीटमधला हालचालीचा सांधा, म्हणजे काँक्रीटला फुगायला-आकसायला मुद्दाम ठेवलेली फट, टाइलखाली गाडू नकोस, टाइलच्या वरपर्यंत आण.