फ्लीट टँकरवर पोस्टिंग आलं म्हणजे लढाऊ कामातून बाजूला पडलो, असं असतं का?

ताई, तुमचा प्रश्न असा की धाकट्या भावाला फ्लीट टँकरवर, म्हणजे नौदलाच्या ताफ्याला समुद्रात तेल पुरवणाऱ्या जहाजावर, पोस्टिंग मिळालं आणि मिरजेत भावकीतले लोक म्हणायला लागले, "लढायला गेला आणि तेलाच्या टँकरवर पडला." अशा जहाजानं आजवर काय केलंय, हे तुम्हाला त्यांना सांगायचंय. जहाजाचं नाव प्रश्नात लिहिलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. पुढेही कुठं लिहू नका, आणि तो कुठल्या बंदरात आहे हे तर मुळीच नको.

मी कोरेगाव तालुक्यातला, नौदलातून निवृत्त. माझी नोकरी टँकरकडून तेल घेणाऱ्या जहाजांवर झाली, म्हणून जे सांगतोय ते घेणाऱ्याच्या बाजूनं.

आयएनएस दीपकचं उदाहरण घेऊ. या नावाचं पहिलं जहाज १९६७ साली जर्मनीतल्या ब्रेमर व्हल्कन यार्डातून आलं आणि १९९६ मध्ये सेवेतून गेलं. आजचं दीपक इटलीच्या फिनकांतिएरीनं बांधलं. २१ जानेवारी २०११ ला मुंबईत ते नौदलात दाखल झालं, तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी हजर होते. लांबी १७५ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन सुमारे २७,५०० टन, तेलगळती होऊ नये म्हणून दुहेरी कवच, मागे हेलिकॉप्टर उतरायला डेक. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याचं जुळं भावंड आयएनएस शक्ती दाखल झालं. शिवाय १९९६ चं रशियन बांधणीचं ज्योती आणि २००० साली कोलकात्याच्या गार्डन रीच यार्डातून आलेलं आदित्य. एवढ्या मोठ्या नौदलाला मोठे टँकर हे चारच. एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, यावरूनच प्रत्येकाची किंमत कळावी.

आता काम. आम्ही त्याला 'रास' म्हणतो, भर समुद्रात चालता चालता तेल भरणं. टँकर एक दिशा आणि एक वेग धरतो, साधारण १२ ते १५ नॉट, म्हणजे ताशी बावीस ते अठ्ठावीस किलोमीटर. घेणारं जहाज मागून येऊन त्याच्या बगलेला लागतं. मधलं अंतर तीस ते पन्नास मीटर. पहिली बारीक दोरी बंदुकीनं पलीकडे मारतात, तिच्या मागून जाड दोर, मग पोलादी तार, आणि त्या तारेवरून लोंबत होज, म्हणजे तेलाची जाड नळी, येतो. होजच्या तोंडाचा प्रोब आपल्या जहाजावरच्या घंटेसारख्या तोंडात खट्टकन बसला की पंप सुरू. दीपकचा पंप तासाला १,५०० टनांपर्यंत तेल देऊ शकतो. तेवढा वेळ धोक्याचा लाल 'ब्राव्हो' झेंडा वर असतो आणि डेकवर कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नाही.

लांबून हे सोपं दिसतं. पण दोन प्रचंड सांगाड्यांच्या मधून पाणी अरुंद वाटेनं पळतं. पुढच्या टोकापाशी ते जहाजांना दूर लोटतं आणि मध्यावर एकमेकांकडे खेचतं. सुकाणू धरणारा अर्ध्या अंशानं चुकला आणि पटकन सावरलं नाही, तर तार ताणून तुटते. तुटलेली तार माणसाला जिवंत सोडत नाही. हे रात्री, दिवे मंद करून, पावसाळ्यातल्या अरबी समुद्रातही करावं लागतं. टँकरच्या डेकवरच्या पोरांना मी भिजून चिंब, हाताला फोड आलेले, एकामागून एक तीन जहाजांना तेल देताना पाहिलंय. आम्ही आमचं भरून घेतलं की निघून जायचो. त्यांचं काम चालूच असायचं.

भावकीला हेही सांगा की त्या वेळात दोन्ही जहाजांना झटकन वळता येत नाही. पाणबुडीला याहून सोपं सावज नाही. युद्धात शत्रू टँकर आधी शोधतो, कारण तो बुडाला की ताफा किनाऱ्याला बांधला जातो. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्यामुळे. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटींची नावं पुष्कळांना माहीत आहेत. त्या बोटींचा पल्ला छोटा होता, म्हणून त्यांच्या गटात पोषक नावाचा टँकरही होता. त्याचं नाव कुठल्या भाषणात येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दीपकच्या सेवेतल्या दोन गोष्टी मात्र जरूर सांगा. पहिली, विक्रमादित्य घरी आणण्याची. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियातल्या सेवेरोद्विन्स्कला ही विमानवाहू नौका आपल्या ताब्यात आली. ऐन हिवाळ्यात उत्तरेच्या गोठवणाऱ्या समुद्रातून निघून लांबचा प्रवास करून ती जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोचली. सोबतीला युद्धनौका त्रिकंड आणि टँकर दीपक. फोटो सगळे विक्रमादित्यचे छापले गेले.

दुसरी गोष्ट तुम्हा मिरजकरांना लगेच पटेल. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या माले शहरात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली. लाखाहून जास्त माणसं आणि नळाला थेंब नाही. आपलं गस्ती जहाज सुकन्या आधी पोचलं, हवाई दलानं विमानांनी पाणी नेलं, आणि मग दीपक सुमारे १,००० टन गोडं पाणी घेऊन गेलं. म्हणजे दहा लाख लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये तुमच्या मिरज स्टेशनातून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे सुटली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. तशा दोन गाड्यांचं पाणी दीपकनं एका खेपेत समुद्रापार पोचवलं. त्या गाडीचा मिरजेला अभिमान वाटला ना? मग याचाही वाटला पाहिजे.

आजच्या शक्तीच्या आधी त्याच नावाचा जुना टँकर होता, त्याचंही असंच. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा मुंबई, ब्रह्मपुत्रा आणि बेतवा या युद्धनौकांनी बैरुतहून सायप्रसला दोन हजारांहून जास्त माणसं सुखरूप काढली, त्यात नेपाळ आणि श्रीलंकेचेही लोक होते. घरापासून इतक्या दूर त्या गटाबरोबर हा जुना शक्ती टँकर होता.

भावाच्या पुढच्या नोकरीबद्दल म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डाशी पाच नव्या फ्लीट सपोर्ट, म्हणजे ताफ्याला तेल आणि रसद पुरवणाऱ्या, जहाजांचा करार झालाय, प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची. ती पाण्यात आली की रासचा अनुभव असलेली माणसं लागणार. त्याला म्हणावं, पहिल्या वर्षात डेकवरचा प्रत्येक दोर, विंच आणि आपत्कालीन ब्रेकअवेचा, म्हणजे धोका दिसताच होज-दोर सोडून जहाजं वेगळी करण्याचा, क्रम तोंडपाठ कर, आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत कधी उभा राहू नकोस.