फोर्टेपियानो शिकायला निघालेल्या मुलीला

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी तलावपाळीला फेरी मारताना वाचला, अर्ध्यावर आल्यावर बाकावरच बसलो. ग्रँड पियानो सोडून फोर्टेपियानोवरच, म्हणजे मोझार्ट-बीथोव्हनच्या काळातल्या जुन्या पियानोवरच करिअर करायचं असं तू घरी सांगून टाकलंस आणि आता वाशीहून बाबांचा निरोप, की आधी काकांना विचार. तर जे वाटतं ते सरळ लिहितो.

मी पहिल्यांदा युरोपात एका कारागिराकडे वॉल्टरच्या, म्हणजे मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानो बनवणाऱ्याच्या वाद्याच्या कॉपीवर बसलो तेव्हा वीस वर्षांचा रियाज हातात होता, दोन्ही हातांनी दणकून कॉर्ड वाजवला आणि सुराच्या आधी ठक्क असा लाकडाचाच आवाज आला. तो माणूस काहीच बोलला नाही, नुसतं एका बोटाने पट्टी हळू दाबून दाखवली. जेमतेम अर्धा सेंटीमीटर खाली जाते ती, आपल्या पियानोची साधारण एक. हातोड्या इवल्याशा, त्यांच्यावर फेल्टऐवजी चामडं, तारा बारीक, आत लोखंडी फ्रेम नाही म्हणजे सगळा ताण लाकडावर. त्या दिवशी मी दोन तास फक्त एक सप्तक वाजवत बसलो, आणि मला वाटतं तेच दोन तास खरे शिकण्याचे होते.

म्हणून म्हणतो, तिकडे गेलीस की पहिला महिना सोनाटा काढूच नकोस, नुसती पट्टी दाब आणि सूर कुठे संपतो ते ऐक. तुझी लाडकी मूनलाइट सोनाटाच घे ना. 1801 सालची. बीथोव्हनने लिहून ठेवलंय की पहिली मूव्हमेंट पूर्ण डॅम्पर, म्हणजे तारांवर बसून सूर थांबवणाऱ्या गाद्या, उचलूनच वाजवायची. ग्रँडवर तसं केलं तर चार बारमध्ये खिचडी होते, म्हणून आपण सगळे मधे मधे पेडल बदलतो आणि मुलांनाही तसंच शिकवतो. त्या काळच्या वाद्यावर सूर लवकर विरतो, आधीचा सूर पुढच्याच्या मागे पुसट राहतो आणि गिचमिड होत नाही. मला ते ऐकून रडू आलं होतं, इतकी वर्षं आपण त्याची सूचना टाळत आलो म्हणून. मोझार्टचंही तसंच, त्याचा स्वतःचा वॉल्टर साल्झबर्गला अजून आहे, पाच सप्तकं, 61 पट्ट्या. वरच्या टोकाच्या एफपर्यंत तो बिनधास्त जातो आणि तिथे वाद्यच संपतं, ते हाताला जाणवलं पाहिजे.

आता पोटापाण्याचं. ब्राउटिगाम किंवा बेझॉयडेनहाउट या फोर्टेपियानोवादकांसारखं मुख्यतः स्टेजवर जगणारे थोडे. माल्कम बिल्सन याच वाद्याचे एवढे मोठे वादक, पण त्यांनीही अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. तेव्हा हार्प्सिकॉर्ड, म्हणजे तारा छेडणारं पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, तेही शिक, गायकांना साथ करायला शिक, शूबर्टची गाणी तर हवीतच. वॉर्सॉला 2018 पासून शोपँसाठी जुन्या वाद्यांची स्पर्धा सुरू झालीये, तिकडे डोळा ठेव पण त्यावर सगळं लावू नकोस. आणि बाबांना सांग, कर्ज काढून वाद्य घ्यायचं नाहीये. प्रत्येक गावात वेगळं वाद्य समोर येणार, प्रोग्रामच्या आधी मिळतात ते काही तास, तेवढ्यात त्याच्याशी जमवून घेणं हीच तर नोकरी आहे.

ट्यूनिंग मात्र स्वतःला आलंच पाहिजे, यात सूट नाही. लाकडी फ्रेम हवेबरोबर हलते, मध्यंतरात स्वतः किल्ली घेऊन बसावं लागतं. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या कशा अडकतात ते तू ठाण्या-वाशीत बघितलंयसच, हे त्याहून नाजूक. म्हणून व्हिसा येईपर्यंत एक काम कर. संगीत नाटकाला ऑर्गनवर साथ करणारे जुने लोक ठाण्यात अजून आहेत, कुणाकडे तरी दोन महिने बस. बालगंधर्वांच्या नाटकांपासून चालत आलेलं वाद्य आहे ते, पायाने भाता मारायचा आणि कान गाणाऱ्याच्या श्वासावर ठेवायचा. त्यांच्यासमोर ग्रँडचा रुबाब चालत नाही, आणि ते वाद्य उघडून रीड साफ करायलाही लावतील.

रविवारी नौपाड्यात घरी ये, बाबांनाही आण. माझ्या ऑर्गनचा मधला कोमल गंधार पंधरा दिवस झाले बोलत नाहीये, मी हात लावलेला नाही. स्क्रूड्रायव्हर मी देतो, उघडायचं तू.